ओट्याचा दगड

आगमनाच्या स्मरणिकेत जहाजांची नावे असावीत, करारनाम्यांची छायाचित्रे असावीत, देवळांचा, मंडळांचा आणि झाकरीचा इतिहास असावा. त्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्यापैकी ज्यांची घरे मॉरिशसहून पुढे अमेरिकेत आली, त्यांनी हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला आहे. घर घेतले किंवा जुने स्वयंपाकघर उकलायला काढले, की पहिला मोठा खर्च काउंटरचा. मराठीत आपण त्याला ओटाच म्हणतो. दुकानात नमुन्याचे चौकोनी तुकडे मांडलेले असतात : ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, संगमरवर, लॅमिनेट, लाकूड. विक्रेता रंग सांगतो, भाव सांगतो, डाग पडतो की नाही ते सांगतो. हा दगड कोणी कापला आणि कापताना त्याच्या छातीत काय गेले, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. दुसऱ्याच्या शेतात दगड वेचून ज्यांनी आयुष्य काढले त्यांचे आपण वंशज, म्हणून हा इतिहास आपल्या स्मरणिकेत यायला हरकत नाही.

आपल्या पूर्वजांच्या स्वयंपाकघराला ओटा नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता) मुंबई बंदरात आणि तिथून पोर्ट लुईला उतरलेल्या माणसांचा स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. मॉरिशसला १८३४ पासून जे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर गेले, त्यांत कलकत्ता आणि मद्रासहून गेलेल्यांच्या मानाने मुंबईकडचे लोक थोडेच. १८४९ पासून सगळे ज्या ठिकाणी उतरले ते आजचे आप्रवासी घाट. तिथल्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत. कोकणातली घरे जांभ्याची, पण जाते, पाटा, उखळ मात्र काळ्या दगडाचे. मॉरिशस बेट ज्वालामुखीतून वर आलेले, म्हणून तिथेही तोच काळा दगड, बेसॉल्ट. परक्या मुलखात माती वेगळी, भाषा वेगळी, पण पाट्याचा दगड ओळखीचा निघाला.

क्रिओलमध्ये त्या पाट्याचे नाव रोश कारी, म्हणजे कालवणाचा खडक. वर फिरणाऱ्या वरवंट्याला बाबा म्हणतात, आणि क्रिओलमध्ये बाबा म्हणजे तान्हे मूल. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखे सजवून पाळण्यात ठेवतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना या नावाची गंमत वाटेल. मराठी बायकांनीच ते नाव दिले असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे दगडाकडे मूल म्हणून पाहिले गेले, एवढे खरे.

दगडाशी आपला संबंध पाट्यापुरता नव्हता. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत आजही काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. ऊस लावण्यासाठी जमीन मोकळी करताना निघालेले ते दगड आहेत, आणि ते हातांनी उचलून रचलेले आहेत. या कामाचा करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, याला ‘डबल कट’ म्हणत. ताप आला तरी खाडा तो खाडाच. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे त्याची आठवण येईल.

त्याच काळात अमेरिकेतल्या स्वयंपाकघरातही आजच्यासारखे काउंटर नव्हते. लोखंडी शेगडी एका भिंतीला, पाण्याची कुंडी दुसऱ्या भिंतीला, मध्ये लाकडी टेबल. १८६९ साली कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टोव्ह यांनी गृहव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. त्यात कॅथरिनने खिडकीखाली सलग फळी, फळीखाली पिठाचे डबे, हाताशी कुंडी अशी रचना सुचवली. तिच्यापुढे उदाहरण होते ते आगबोटीवरच्या भटारखान्याचे : एवढ्याशा जागेत दोनशे माणसांचे जेवण होते, मग घरात बाईने एवढ्या येरझारा का घालाव्यात? आपल्या पूर्वजांनी जहाजावरचा स्वयंपाक पाहिला तो डेकवरच्या मोठ्या भांड्यांचा, आणि त्याच्या आठवणी कोणाला सुखाच्या नसाव्यात. अमेरिकन काउंटरचे मूळ मात्र बोटीत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यू यॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कारपेंटर कुटुंबाकडे राहिल्या, तेव्हाही अशी सलग फळी बहुतेक अमेरिकन घरांत आलेली नव्हती.

ती आली विसाव्या शतकात, आणि आधी कपाटाच्या रूपाने. इंडियाना राज्यातल्या कारखान्यांनी पिठाची चाळणी, मसाल्याचे खण आणि बाहेर ओढता येणारी फळी असलेली कपाटे घरोघर विकली. त्यांना त्या राज्यावरूनच ‘हूझियर’ नाव पडले. १९२९ साली लिलियन गिल्ब्रेथ या अभियंता बाईने ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी नमुन्याचे स्वयंपाकघर आखले. पावले मोजून, हालचाली मोजून. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे हवी, असे तिचे म्हणणे होते. उद्योगाने तिची सलग फळी घेतली, पण उंचीचे म्हणणे सोडून दिले. सगळ्यांना एकच उंची ठरली, ३६ इंच. पाच फुटांच्या आतल्या आपल्या आज्या या ओट्यावर पोळ्या लाटताना पायाखाली पाट घेत, त्याचे कारण हे.

या फळीवर काय मढवायचे, याचे पहिले स्वस्त उत्तर फॉर्मायका. १९१२ साली पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीतले डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर अभ्रकाऐवजी विजेच्या यंत्रांत वापरता येईल असा पदार्थ शोधत होते. अभ्रक म्हणजे मायका, त्याच्या जागी वापरायचे ते ‘फॉर मायका’. पुढल्याच वर्षी सिनसिनाटीत कंपनी निघाली. कागदाचे थर राळेत भिजवून दाबायचे, एवढेच तंत्र. वरचा कागद नक्षीचा केला की फळी शोभिवंत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो घरे भराभर उभी राहिली आणि त्या सगळ्यांत हे लॅमिनेट गेले. मराठीत आपण त्याला दुसऱ्याच एका कंपनीच्या नावाने सनमायका म्हणतो, मग ते कोणत्याही कंपनीचे असो.

१९६५ च्या कायद्यानंतर भारतातून आलेल्या मराठी कुटुंबांना भाड्याच्या घरांत हेच लॅमिनेट मिळाले. हळद सांडली की पिवळा डाग बसायचा, आणि गरम कढई ठेवली की फोड यायचा. शिवाय ते त्यांना पोकळ वाटे. त्यांच्या मनात ओटा म्हणजे दगड. महाराष्ट्रातल्या शहरांत स्टोव्ह आणि मग गॅस आल्यावर स्वयंपाक जमिनीवरून उभा झाला, तेव्हा विटांच्या दोन भिंतींवर आंध्रातल्या कडप्प्याची काळी लादी टाकून ओटा केला गेला. त्या लादीला आपण नुसते कडाप्पाच म्हणतो. सिलिंडर तिच्या खाली राही. कडाप्पा चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिले की त्याची चमक उतरते. पण त्यावर नारळ फोडता येतो, आणि आपल्या लोकांना ओट्याकडून तेवढी किमान अपेक्षा असते.

त्यामुळे १९९० च्या दशकात ग्रॅनाइट अमेरिकेत आवाक्यात आले तेव्हा आपल्या घरांनी ते उत्साहाने घेतले. त्याआधी ते बँकांच्या इमारतींत आणि थडग्यांवर दिसे. हिऱ्याची धार असलेली पाती, संगणकावर चालणारी कापयंत्रे आणि कंटेनरची वाहतूक यांनी भाव खाली आणला. यातले बरेच ग्रॅनाइट भारतातून येते. काळ्यावर सोनेरी ठिपके असलेला ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्ती गावच्या खाणींचा. दुकानात अशा लादीच्या कडेला चिकटवलेला नंबर पाहावा : अमुक ठोकळा, अमुक गठ्ठा. आपल्या पूर्वजांनाही पोर्ट लुईला उतरल्यावर नंबरच मिळाला होता, आणि आज कोणी आपले मूळ शोधायला गेले तर त्याच नंबराने सापडते.

ग्रॅनाइटच्या मागून आले क्वार्ट्झ, आणि आज नवीन घरात बहुधा तेच सुचवले जाते. नावावरून खाणीतला दगड वाटतो, पण तो बनवलेला आहे. गारगोटीचा चुरा आणि पूड ९० टक्क्यांहून जास्त, बाकीची राळ आणि रंग. हे मिश्रण निर्वातात हलवून, दाबून, भाजून लादी करायची. तंत्र इटलीतले. इस्रायल आणि स्पेनमधल्या कारखान्यांनी ते जगभर नेले, नंतर चीनने, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर जबर कर बसवल्यापासून भारताने. ग्रॅनाइटला वर्षाकाठी सीलर लावावे लागते, याला नाही. डाग कमी पडतात. पांढऱ्या रंगात हळद मात्र दगा देते, आणि राळ असल्याने गरम तवा सरळ ठेवता येत नाही. गृहिणीच्या बाजूने हिशेब इथे संपतो. कापणाऱ्याच्या बाजूने तो इथून सुरू होतो.

लादी कारखान्यात बनते, पण ओटा तिथे बनत नाही. प्रत्येक घराची भिंत वेगळी, कुंडीचे भोक वेगळे, कडेचा गोलवा वेगळा. म्हणून शेवटचे कापणे आणि घासणे गावातल्या छोट्या शेडमध्ये होते, आठ-दहा माणसांच्या. त्यात सुकी पाती फिरली की पिठासारखी धूळ उडते. त्या धुळीतले सिलिका, म्हणजे गारेचे अतिसूक्ष्म कण, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि परत येत नाहीत. फुप्फुस त्यांच्याभोवती व्रण धरत जाते, कडक होते. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. शेवटी फुप्फुस बदलणे, तेही मिळाले तर. ग्रॅनाइटमध्ये सिलिका १० ते ४५ टक्के असते, संगमरवरात अगदी थोडे. बनवलेल्या क्वार्ट्झमध्ये ९० च्या वर. शिवाय ते आधीच दळलेले असते आणि त्यात राळ असते. म्हणून जो रोग जुन्या पाथरवटाला वीस-तीस वर्षांनी गाठायचा तो इथे दहा-पंधरा वर्षांतच गाठतो.

स्पेन आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनी हे २०१० च्या आसपास लिहिले. अमेरिकेत क्वार्ट्झ कापणाऱ्याच्या सिलिकोसिसची पहिली नोंद टेक्सासमधली. २०१९ मध्ये सरकारी रोगनियंत्रण केंद्राने चार राज्यांतले १८ रुग्ण नोंदवले, त्यांतले दोघे गेले होते. २०२३ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या ५२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे पुरुष, निम्मे पंचेचाळिशीच्या आतबाहेरचे, आणि ५२ पैकी ५१ जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेसारख्या भागांतून आलेले लॅटिनो स्थलांतरित. दहा जण मरण पावले होते. तिघांची फुप्फुसे बदलली होती. कित्येकांवर आधी न्यूमोनिया किंवा क्षय समजून उपचार झाले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियाने तातडीचा नियम काढला : सुके कापणे बंद, पाण्याखालीच कापायचे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा बनवलेला दगड वापरायलाच बंदी केली.

हे कळायला इतका वेळ का लागला, असे विचारले तर उत्तर असे की कळलेले होतेच. व्हरमाँट राज्यातल्या बॅरे गावात इटली आणि स्कॉटलंडहून आलेल्या पाथरवटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या हातात घेतल्या, आणि बंद शेडमध्ये ते याच धुळीने मेले. त्यांच्या स्मशानातली कोरीव थडगी पाहायला आज लोक जातात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे धूळ ओढून घेणारी नळकांडी बसली, आणि त्यानंतर कामाला लागलेल्यांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यात १९३० पासून गारेचा डोंगर सुका फोडला गेला. आतले बहुसंख्य मजूर दक्षिणेतून कामासाठी आलेले काळे लोक होते. मृतांचा एक अभ्यासपूर्ण अंदाज सातशेच्या वर जातो. १९३६ मध्ये त्यावर काँग्रेससमोर साक्षी झाल्या. १९३८ मध्ये कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांनी सिलिकोसिस थांबवण्याची मोहीम काढली, त्यासाठी चित्रपटही केला. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी रोग माहीत, कारण माहीत, उपाय माहीत. पाणी आणि पंखा. पण नवा दगड आला, नवे मजूर आले, आणि ज्यांना भाषा येत नाही, कागद नाहीत, तुकड्यावर पैसे मिळतात, एक दिवस घरी बसले तर काम दुसऱ्याला जाते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. डबल कटची आठवण मला इथे होते. कायद्यात आता तो शब्द नाही. पण खोकला लपवून कामावर येणारा माणूस तोच हिशेब मनात करत असतो.

मॉरिशसमध्येही माहिती सगळ्यांना होती, मळेवाल्यांना तर रोजच्या रोज. १८७१ साली आडोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानेच मजुरांची तक्रार लिहून काढली आणि ९,४०१ जुन्या मजुरांनी ती गव्हर्नर गॉर्डन यांच्यापुढे ठेवली. पास, पोलीस, पगारकपात, सगळे त्यात होते. १८७२ मध्ये राजेशाही चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७५ मध्ये आला. मळ्यांचा जमाखर्च लंडनमध्ये वाचला जात होताच. मजुराचा कागद तिथे पोहोचायला मात्र ९,४०१ माणसे लागली. साखर खाणाऱ्याला ती गोड लागत होती आणि त्याने काही विचारलेले नव्हते.

आता आपला ओटा. क्वार्ट्झ घेऊच नये असे मी म्हणणार नाही. एका घराने न घेतल्याने शेडमधल्या माणसाला श्वास मिळत नाही, आणि काम गेले तर त्याच्या घरचा ओटाच थंड पडतो. पण निवड करताना तीन-चार गोष्टी माहीत असाव्यात. लॅमिनेट हे गरिबाचे म्हणून आपण हिणवले. ते आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले मिळते, आणि ते कापताना गारेची धूळ उडत नाही. लाकडी ओटा तेल लावून राखावा लागतो, पण सुरीला मऊ असतो. आपल्या हॉटेलांच्या भटारखान्यातला स्टीलचा पत्रा घरात थोडा आवाज करतो, मात्र हळद, कोकम, गरम कढई यांतल्या कशालाच दाद देत नाही. मला विचाराल तर शेगडीच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर स्टील आणि बाकी लाकूड, याइतका आपल्या स्वयंपाकाला सोयीचा ओटा दुसरा नाही. दिसायला तो फारसा कोणाला आवडत नाही, हेही खरे. संगमरवर कापणाऱ्याला सौम्य, पण आपल्या आंबट स्वयंपाकापुढे टिकत नाही. क्वार्ट्झच्याच काही कंपन्या आता सिलिका अगदी कमी असलेल्या लाद्या काढतात. विचारले तर दुकानदार दाखवतो. न विचारता दाखवताना मी पाहिलेले नाही.

दगडच घ्यायचा असेल, ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ, तर लादी कोणाच्या शेडमध्ये कापली जाणार ते विचारावे आणि पैसे भरण्याआधी तिथे जाऊन यावे. बहुतेक ठिकाणी मोजमापाच्या निमित्ताने जाता येते. पाते फिरताना पाणी चालू आहे का, जमीन ओली आहे की पांढरी, माणसांच्या तोंडावर नीट बसणारा मुखवटा आहे की नुसता रुमाल, एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात. घरात बसवायला आलेले लोक नळाचे भोक तिथल्या तिथे सुके पाडू लागले तर थांबवून पाणी मागावे, किंवा भोक शेडमधूनच पाडून आणायला आधी सांगावे. असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला थोडे जास्त पैसे पडतात.

आणि ज्यांच्याकडे आजीची रोश कारी अजून आहे त्यांनी ती नव्या ओट्यावर ठेवण्याआधी खालच्या कपाटाची भिंत कुठे येते ते पाहून घ्यावे. दोन सेंटिमीटर जाडीची लादी कुंडीच्या भोकाजवळ वरवंट्याचा मारा सहन करत नाही, तडकते. पाट्याला पुन्हा टाकी लावायची झाली तर ती अंगणात, दगड भिजवून आणि तोंडाला फडके बांधून लावावी. काळ्या दगडाची धूळही धूळच.